स्कॅनमधला ठिपका आणि ऑपरेशनची घाई

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन-चार वर्षं झालेली असतात, सगळं ठीक चाललेलं असतं आणि एक दिवस रक्तातला पीएसए पुन्हा वर जायला लागतो. त्यानंतर घरात जो गोंधळ उडतो त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही. आजार वडिलांच्या, सासऱ्यांच्या वयाचा. जागा अशी की पुरुष स्वतःहून बोलत नाहीत आणि घरातले विचारत नाहीत. रिपोर्ट मात्र व्हॉट्सॲपवर फिरत असतात.

गेल्या काही वर्षांत या गोंधळात एक नवा स्कॅन आला आहे, पीएसएमए पेट-सीटी. आणि त्याच्या मागोमाग एक नवं वाक्यही आलं आहे: "ठिपका सापडलाय, काढून टाकू."

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा स्कॅन परत आलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णाला पुढचा निर्णय घेण्याआधी मिळायला हवा, आणि खिशाकडे न बघता मिळायला हवा. पण ठिपका दिसला म्हणून ऑपरेशन व्हायलाच हवं असं नाही. आणि अशी ऑपरेशनं आपल्याकडे व्हायची असतील तर प्रत्येकाची नोंद आणि निकाल जाहीर व्हायला हवा. या दोन मागण्या परस्परविरोधी वाटतात, पण नाहीत. कशा नाहीत ते सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मी डॉक्टर नाही. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. इंजेक्शन भरणं, पेशंटला यंत्राखाली झोपवणं, चित्रं काढणं हे माझं काम. त्यामुळे चित्र कसं तयार होतं हे मला माहीत आहे, आणि चित्र काय सांगू शकत नाही हेही.

आधी थोडं पीएसए

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी बनवलेलं प्रथिन. प्रोस्टेट पूर्ण काढून टाकल्यावर ते रक्तात जवळजवळ शून्य व्हायला हवं. ते ०.२ नॅनोग्रॅमपर्यंत किंवा त्यापुढे गेलं आणि दुसऱ्या तपासणीतही तसंच आलं, तर आजार परत आला असं मानतात. ऑपरेशनऐवजी रेडिएशन घेतलं असेल तर हिशेब वेगळा: पीएसए जितका खाली गेला होता त्यापेक्षा २ ने वर गेला की परतला असं समजायचं.

हा आकडा सांगतो की कुठेतरी पेशी जिवंत आहेत. कुठे, ते सांगत नाही. जिथे प्रोस्टेट होती त्या खड्ड्यात? ओटीपोटातल्या लिम्फ नोडमध्ये? हाडात? पूर्वी हे शोधायला सीटी स्कॅन आणि बोन स्कॅन होता. सीटी बघतो आकार. नोड साधारण ८-१० मिलिमीटरच्या पुढे गेला की संशय घ्यायचा. चार-पाच मिलिमीटरच्या नोडमध्ये कॅन्सर बसलेला असेल तर सीटीला तो इतर नोडसारखाच दिसायचा. म्हणजे पीएसए ०.५ असलेल्या माणसाचे सगळे रिपोर्ट "नॉर्मल" यायचे आणि डॉक्टर अंदाजाने उपचार करायचे.

मग काय बदललं

प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला नेमका चिकटणारा एक छोटा रेणू घ्यायचा, त्याला किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडायचं आणि शिरेतून द्यायचं. तासाभराने पेट यंत्राखाली बघितलं की जिथे पीएसएमए आहे तिथे उजेड दिसतो. जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी हे २०११ च्या सुमारास पहिल्यांदा माणसात वापरलं. अमेरिकेत अधिकृत परवानगी मिळायला डिसेंबर २०२० उजाडला. आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांत तो त्याच्या बऱ्याच आधीपासून होत होता.

ऑस्ट्रेलियातला ३०२ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने निदान झालेल्या, धोका जास्त असलेल्या रुग्णांत सीटी आणि बोन स्कॅन मिळून अचूकता ६५ टक्के होती, पीएसएमए पेटची ९२ टक्के. फरक छोटा नाही.

परत आलेल्या आजारासाठी कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांचा ६३५ रुग्णांचा अभ्यास आहे, २०१९ चा. त्यातले आकडे प्रत्येक कुटुंबाला माहीत असायला हवेत. पीएसए ०.५ च्या खाली असताना स्कॅनमध्ये काही सापडलं १०० पैकी ३८ जणांत. ०.५ ते १ मध्ये ५७ जणांत. १ ते २ मध्ये ८४ जणांत. ५ च्या वर गेल्यावर ९७ जणांत.

म्हणजे स्कॅन उत्तम आहे, पण पीएसए अगदी कमी असताना १०० पैकी ६२ जणांचा स्कॅन कोरा येतो. आजार तिथे असतो, दिसत नाही.

सर्जनच्या हातात गुणगुणणारा प्रोब

आता ऑपरेशनकडे येऊ. स्कॅनमध्ये एक नोड चमकतोय. सर्जन पोट उघडतो किंवा रोबोटने आत जातो. आत काय दिसतं? चरबी, रक्तवाहिन्या, आधीच्या ऑपरेशनचे किंवा रेडिएशनचे चिकटलेले पडदे. स्क्रीनवरचा ठिपका इथे चमकत नाही. पाच मिलिमीटरचा नोड मूत्रवाहिनीच्या मागे किंवा गुदाशयाशेजारच्या चरबीत लपलेला असेल तर तो हाताला लागणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

यावर म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या टोबियास माउरर आणि सहकाऱ्यांनी २०१४ पासून एक मार्ग काढला. पीएसएमएला चिकटणाऱ्या रेणूला आधी इंडियम-१११ आणि पुढे टेक्नेशियम-९९एम जोडलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इंजेक्शन द्यायचं. रात्रभरात आजूबाजूची मात्रा कमी होते, कॅन्सरच्या पेशींत मात्र ती टिकून राहते. दुसऱ्या दिवशी सर्जन पेनासारखा गॅमा प्रोब आत फिरवतो. किरणं जास्त असतील तिथे यंत्राचा आवाज वाढतो. नोड काढला की तो बाहेर ठेवून पुन्हा मोजायचा: आवाज आला म्हणजे बरोबर काढला. मग खड्ड्यात प्रोब फिरवायचा: शांत झालं म्हणजे तिथलं निघालं. नेदरलँड्समध्ये याच कामासाठी रोबोटच्या चिमट्यात धरता येईल असा वायरला जोडलेला छोटा प्रोब वापरला गेला.

आयुष्यभर टेक्नेशियम हाताळलेल्या माणसाला हे वाचून किती आनंद झाला असेल, कल्पना करा. ही खरोखर सुंदर गोष्ट आहे. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये सर्जन जिथे बघतही नाहीत अशा जागचे नोड यात सापडतात. पोटभर उकरत बसावं लागत नाही.

घोडं पेंड खातं ते पुढे.

चमकतं तेवढंच असतं का?

अमेरिकेत ज्या अभ्यासाच्या जोरावर २०२० ची परवानगी मिळाली, त्यात ऑपरेशनआधी स्कॅन झालेल्या २७७ पुरुषांचे नोड नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते. ज्यांच्या नोडमध्ये खरोखर कॅन्सर होता, त्यांच्यापैकी स्कॅनने ओळखले ४० टक्के. दहातले चार. उलट बाजूला, कॅन्सर नसलेल्यांना "नाही" असं बरोबर सांगण्याचं प्रमाण ९५ टक्के होतं. थोडक्यात, हा स्कॅन खोटं फारसं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही.

कारण भौतिकशास्त्रातलं आहे. पेट यंत्राला चार-पाच मिलिमीटरच्या खालचं नीट दिसत नाही. नोडमध्ये कॅन्सरच्या दोन मिलिमीटरच्या पेशी असतील तर त्यांचा उजेड पसरून फिका पडतो. कितीही महागडं यंत्र आणा, ही मर्यादा थोडी हलते, जात नाही. शिवाय काही कॅन्सर असे असतात की त्यांच्यावर पीएसएमए फारसं नसतंच.

याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्या मुंबईतला आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांवर एक अभ्यास झाला. परत आलेल्या आजाराचा नव्हे, पहिल्यांदा उपचार घेणाऱ्यांचा, धोका जास्त असलेल्यांचा. अट अशी की स्कॅनमध्ये नोड स्वच्छ दिसायला हवेत. जवळपास ८० टक्के रुग्णांचा पीएसएमए पेट झालेला होता. अर्ध्यांना फक्त प्रोस्टेटला रेडिएशन, अर्ध्यांना प्रोस्टेटसोबत ओटीपोटातल्या नोडच्या पूर्ण भागालाही. पाच वर्षांनी पीएसए परत न वाढलेले पहिल्या गटात ८१.२ टक्के, दुसऱ्या गटात ९५ टक्के. एकूण आयुर्मानात तोवर फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण विचार करा, स्कॅनमध्ये जिथे काहीच नव्हतं तिथे उपचार केल्याने फायदा झाला. म्हणजे "काहीच नाही" तिथे काहीतरी होतं.

आता परत आलेल्या आजाराच्या ऑपरेशनचे निकाल बघा. म्युनिक आणि हॅम्बुर्गच्या गटाने ३६४ रुग्णांचा अनुभव २०२३ मध्ये मांडला. हे जगातले या कामातले सगळ्यात अनुभवी हात. दोन वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेले होते सुमारे एक तृतीयांश. दुसरी काही उपचारपद्धती सुरू करावी न लागलेले होते निम्म्याहून जास्त. ज्यांचा पीएसए कमी आणि ठिपका एकच, त्यांना फायदा जास्त होतो. गॅमा प्रोब येण्याआधीच्या, जुन्या स्कॅनच्या काळातल्या अशा ऑपरेशनांचा दहा वर्षांचा हिशेब उपलब्ध आहे: दहा वर्षांनी पीएसए न वाढलेले दहात जेमतेम एक.

हे आकडे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. सत्तरीतल्या माणसाला हॉर्मोन बंद करणारी इंजेक्शनं दोन वर्षं पुढे ढकलता आली तर ती मोठी गोष्ट आहे. त्या इंजेक्शनांनी अंगातून वाफा निघतात, स्नायू गळतात, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मन उदास होतं. पण "पुढे ढकलणं" आणि "बरं करणं" हे वेगळे शब्द आहेत. ज्याच्या पोटावर सुरी चालणार आहे त्याला यातला कोणता शब्द लागू आहे, हे सही घेण्याआधी कळायला हवं.

दोन ओळखीचे

माझ्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक. ऑपरेशननंतर चार वर्षांनी पीएसए ०.४ च्या आसपास. स्कॅन केला, उजव्या बाजूला एक नोड चमकला. एका खासगी रुग्णालयात त्यांना रोबोटने "तेवढा एक" काढून टाकू असं सांगितलं. मुलाने कर्ज काढलं. पॅथॉलॉजीत तीन नोडमध्ये कॅन्सर निघाला, स्कॅनमध्ये दिसला होता एक. पीएसए उतरला आणि वर्षाच्या आत पुन्हा चढला. सरांची तक्रार ऑपरेशनबद्दल नाही. ते म्हणाले, "असं होऊ शकतं हे मला आधी सांगितलं असतं तरी मी कदाचित हो म्हटलं असतं. पण मला विचारलंच नाही हो कुणी. मी आपला पेढे वाटून बसलो."

दुसरे एक शेतकरी, तालुक्याच्या गावचे. प्रोस्टेटला रेडिएशन झालं होतं. पीएसए वाढला. कुठला स्कॅन नाही, चर्चा नाही. "आजार परत आलाय" म्हणून थेट दोन्ही अंडकोष काढले. हॉर्मोन बंद करायचा तो सगळ्यात स्वस्त आणि कायमचा मार्ग, आणि जिथे तो हवा असतो तिथे तो योग्यही असतो. पण यांचा आजार कुठे होता हे आजही कुणाला माहीत नाही. कदाचित एकाच जागी असेल, कदाचित नसेल. बघितलंच नाही.

एकाला चित्र दाखवून घाईत सुरीखाली घेतलं, दुसऱ्याला चित्र न दाखवताच. दोघांनाही विचारलं गेलं नाही. आपल्याकडचा प्रश्न या दोन टोकांच्या मधला आहे. नुसतं "नवं तंत्रज्ञान आणा" म्हणून पहिल्याचं भलं होत नाही आणि नुसतं "डॉक्टर लुटतात" म्हणून दुसऱ्याचं.

मग घाई कशाची करायची?

"थांबलो तर पसरेल ना?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला जुना पण महत्त्वाचा अभ्यास आहे. ऑपरेशननंतर पीएसए वाढलेल्या, पण लगेच हॉर्मोन उपचार न दिलेल्या पुरुषांत, त्या काळच्या स्कॅनवर आजार पसरलेला दिसेपर्यंत मध्यम काळ होता ८ वर्षं. पीएसए किती वेगाने दुप्पट होतो आणि मूळ गाठ किती आक्रमक होती यावर हे खूप बदलतं. पण बहुतेकांना दुसरं मत घ्यायला, स्कॅन नीट वाचून घ्यायला काही आठवडे नक्कीच मिळतात. "उद्याच ॲडमिट व्हा" असं जिथे सांगतात तिथे शांतपणे विचारा, उद्याच का?

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो नीट वाचा. ऑपरेशननंतर पीएसए वाढू लागला तर प्रोस्टेटच्या जागेला रेडिएशन देऊन आजार कायमचा जाण्याची संधी असते, आणि ती पीएसए कमी असतानाच सगळ्यात जास्त असते. म्हणून ०.३ ला स्कॅन कोरा आला तर "दिसेपर्यंत थांबू, मग नोड काढू" हा हिशेब अंगाशी येऊ शकतो. वर बघितलं तसं, त्या पातळीला कोरा स्कॅन म्हणजे आजार नाही असा अर्थ होत नाही. चित्राच्या नादात हातातली संधी घालवू नये.

ठिपके एक-दोनच असतील तर सुरीला पर्यायही आहे: नेमका रेडिएशनचा मारा. बेल्जियममधल्या ६२ रुग्णांच्या अभ्यासात दिसलेल्या जागांवर असा उपचार किंवा ऑपरेशन केल्यावर हॉर्मोन इंजेक्शन सुरू करण्याचा मध्यम काळ १३ महिन्यांवरून २१ महिन्यांवर गेला. जॉन्स हॉपकिन्सच्याच ५४ रुग्णांच्या अभ्यासात नेमक्या रेडिएशननंतर सहा महिन्यांत आजार पुढे गेला १९ टक्के लोकांत, नुसतं निरीक्षण केलेल्यांत ६१ टक्के लोकांत. हे अभ्यास लहान आहेत, पण चिठ्ठी टाकून गट पाडलेले आहेत. नोडच्या ऑपरेशनने माणूस जास्त जगतो असं अशा पद्धतीने दाखवणारा एकही अभ्यास आजवर झालेला नाही.

म्हणून सर्जनसोबत रेडिएशनच्या डॉक्टरांनीही तोच स्कॅन बघितला पाहिजे. हातोडी असलेल्याला सगळीकडे खिळेच दिसतात, त्याचा दोष नाही. दोष एकट्या हातोडीवाल्याकडेच पाठवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

आता सार्वजनिक प्रश्न

पीएसएमए पेट करायचा तर पेट यंत्र हवं. ही यंत्रं बहुतेक मोठ्या शहरांत आणि बहुतेक खासगी हातांत आहेत. त्यात औषधाची अडचण आहे. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे ते बनवणारा जनरेटर तिथेच लागतो. फ्लोरिन-१८ वापरलं तर ११० मिनिटं मिळतात. मुंबईच्या सायक्लोट्रॉनमधून निघालेला डोस घाटात अडकून चार तासांनी नाशिकला पोचला तर त्याचा पाव भागही उरत नाही. म्हणजे यवतमाळच्या किंवा गडचिरोलीच्या माणसासाठी स्कॅन म्हणजे स्कॅनचं बिल, प्रवास, मुक्काम आणि सोबत्याची बुडालेली मजुरी.

पण टेक्नेशियमचं तसं नाही. ते ६ तासांनी निम्मं होतं, आणि ज्या मोलिब्डेनमपासून ते मिळतं ते ६६ तासांनी. त्यामुळे जनरेटर आठवडाभर चालतो आणि लांब पाठवता येतो. आपल्या नवी मुंबईत, वाशीला अणुऊर्जा विभागाची ब्रिट ही संस्था आहे, तिथून टेक्नेशियमचे जनरेटर देशभर जातात. पीएसएमएला टेक्नेशियम जोडून साध्या गॅमा कॅमेऱ्यावर स्कॅन करता येतो. पीएसए कमी असताना तो पेटइतका बारीक दिसत नाही, हे मान्य. पण पीएसए बराच वाढलेल्या, काहीही न बघता थेट हॉर्मोनवर टाकल्या जाणाऱ्या माणसासाठी तो नसण्यापेक्षा कितीतरी बरा. आणि गंमत बघा, सर्जनच्या प्रोबला लागतं तेही टेक्नेशियमच. म्हणजे कच्चा माल आपल्या दारात आहे.

परळला १९६३ मध्ये अणुऊर्जा खात्याने रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये तिथेच बसलं. या विषयात महाराष्ट्राला कुणाकडून उसनं आणायची गरज नाही. कमी आहे ती परळपासून जिल्ह्यापर्यंतच्या रस्त्याची.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. प्रत्येक महसूल विभागात निदान एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएमए स्कॅनची सोय. पेट जमत नसेल तिथे गॅमा कॅमेऱ्याने सुरुवात. रुग्णाला त्याचा खर्च नको.

२. स्कॅन वाचणारे लोक तयार करणं. बरगडीतला जुना फ्रॅक्चर, मज्जातंतूंची गाठ, अगदी क्षयरोगाची गाठही पीएसएमए स्कॅनवर चमकू शकते. आपल्या देशात क्षयरोग किती आहे हे सांगायला नको. यंत्र घ्यायला निधी मिळतो, रिबीन कापायला मंत्री मिळतात, वाचणारा डॉक्टर आणि टेक्नॉलॉजिस्ट कंत्राटावर.

३. परत आलेल्या आजारासाठी नोडचं ऑपरेशन करायचं तर सर्जन, रेडिएशन, मेडिकल ऑन्कोलॉजी आणि न्यूक्लिअर मेडिसिन यांच्या संयुक्त बैठकीचा लेखी निर्णय रुग्णाच्या हातात.

४. अशा प्रत्येक ऑपरेशनची नोंद: स्कॅनमध्ये किती दिसलं, पॅथॉलॉजीत किती निघालं, पीएसए किती उतरला, किती महिन्यांनी चढला, त्रास काय झाला. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, तीनशेहून जास्त रुग्णालयं त्यात आहेत. चौकट तयार आहे, खासगी रुग्णालयांनी त्यात हे आकडे टाकावेत एवढंच.

यावर एक सर्जन मित्र म्हणाला, "तू आमच्या हातात बेड्या घालतोयस. पेशंट समोर बसलाय, ठिपका दिसतोय, आणि मी त्याला रजिस्टर दाखवू?" त्याचा वैताग मला कळतो. तो चांगला सर्जन आहे. पण म्युनिकच्या गटाने दर रुग्णाचा हिशेब ठेवला आणि स्वतःचे न शोभणारे आकडेही छापले, म्हणूनच आज मी "एक तृतीयांश" असं लिहू शकतो. आपल्याकडे झालेल्या अशा ऑपरेशनांचं काय झालं हे रुग्णाला सांगायचं तर आकडा आणणार कुठून? जाहिरातीतल्या रोबोटच्या फोटोवरून?

घरात हा विषय चालू असेल तर

डॉक्टरांना हे विचारा. आवाज न चढवता, पण लिहून नेऊन विचारा.

- पीएसए किती आहे आणि किती महिन्यांत दुप्पट झालाय?
- या पातळीला स्कॅनमध्ये काही सापडण्याची शक्यता किती? कोरा आला तर पुढे काय?
- दिसलेला ठिपका कॅन्सरच आहे याची खात्री किती? दुसऱ्या कुणी वाचलाय का?
- जे दिसत नाही त्याचं काय करणार?
- ऑपरेशनचा उद्देश बरं करणं आहे की हॉर्मोन पुढे ढकलणं? किती काळ?
- रेडिएशनच्या डॉक्टरांनी हा स्कॅन बघितलाय का?
- तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत, आणि त्यांचं पुढे काय झालं?

शेवटच्या प्रश्नाने काही डॉक्टर चिडतील. चांगले डॉक्टर चिडत नाहीत, माझा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे. उलट ते खुर्ची पुढे ओढून बसतात.

पोस्ट लांबली, नाइलाज होता. तुमच्या आमदारांच्या, जिल्हा परिषदेच्या, आरोग्य खात्याच्या लोकांपर्यंत पोचवता आली तर पोचवा. आणि वडिलांना पुढच्या फोनवर सहज विचारा, पीएसए शेवटचा कधी केला होता आणि किती आला होता. विषय काढायला अवघड वाटेल. काढा तरी.